कोंबडीचा बर्सा (फॅब्रिशियसची पिशवी): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बर्सा म्हणजे काय आणि तो शरीरात नेमका कुठे असतो?

पक्ष्यांची विष्ठा, लघवी आणि अंडं एकाच समाईक कोष्ठातून बाहेर पडतं. त्याला अवस्कर म्हणतात. अवस्कराचे तीन कप्पे असतात. पहिल्यात, म्हणजे कोप्रोडियममध्ये, मोठं आतडं उघडतं. मधल्या युरोडियममध्ये मूत्रवाहिन्या आणि अंडवाहिनी उघडतात. गुदद्वाराला लागून असलेला शेवटचा कप्पा म्हणजे प्रोक्टोडियम. या शेवटच्या कप्प्याच्या पाठीकडच्या भिंतीतून एक आखूड नळी निघते आणि तिच्या टोकाशी गोलसर पिशवी असते. तोच बर्सा. वर कमरेची आणि शेपटीची हाडं, खाली अवस्कर, आणि मधल्या फटीत बर्सा अशी ही रचना आहे. पोट नुसतं उघडलं तर तो दिसत नाही, कारण आतडं त्याला झाकून असतं.

कोंबडी साफ करताना शेपटीवर जी पिवळी गाठ कापून टाकतात, तीच का ही?

नाही. ती तेलग्रंथी. ती शेपटीच्या वरच्या बाजूला, कातडीलगत असते आणि पक्षी तिच्यातलं तेल चोचीने पिसांना लावतो. बर्सा पोटाच्या पोकळीत असतो आणि तेलग्रंथीशी त्याचा काहीही संबंध नाही. हा घोटाळा इतका होतो की पोस्टमार्टमचे फोटो मागवले की त्यात हमखास एखादा तेलग्रंथीचा निघतो.

आतून तो कसा दिसतो?

निरोगी पिल्लाचा बर्सा मधोमध चिरला तर आत पांढुरक्या, ओलसर, लांबट घड्या दिसतात. कोंबडीत अशा साधारण १२ ते १५ घड्या असतात. प्रत्येक घडी लसिकापेशींच्या सूक्ष्म गाठींनी, म्हणजे फॉलिकलनी, खच्चून भरलेली असते. एका बर्सात असे ८,००० ते १२,००० फॉलिकल असतात. प्रत्येकाचे दोन भाग असतात. बाहेरच्या भागाला कॉर्टेक्स आणि आतल्या भागाला मेड्युला म्हणतात, आणि दोहोंच्या मध्ये पातळ पडदा व केशवाहिन्यांचं जाळं असतं.

घडीच्या पृष्ठभागावर दोन प्रकारचं अस्तर असतं. फॉलिकलच्या माथ्यावरचं अस्तर एकूण पृष्ठभागाच्या अंदाजे दहाव्या हिश्शाएवढंच असतं, पण महत्त्व त्यालाच आहे. पोकळीतले कण आणि जंतूंचे तुकडे ते आत ओढून घेतं. उरलेलं अस्तर श्लेष्मा तयार करतं. अवस्कर अधूनमधून बाहेरचं द्रव आत शोषत असतो, त्यामुळे लिटरमध्ये (शेडमध्ये खाली पसरलेल्या भुश्यात) जे काही आहे ते थोड्याच वेळात बर्साच्या पोकळीत पोचतं. म्हणूनच लिटरमधला गंबोरो या बर्साच्या रोगाचा विषाणू बर्साला इतक्या लवकर गाठतो.

सगळ्या पक्ष्यांत बर्सा असतो का?

असतो, पण आकार बदलतो. कोंबडीत तो गोल असतो, बदक आणि हंसात लांबट नळीसारखा. शहामृग आणि इमूत तो वेगळ्या पिशवीसारखा सुटा होत नाही, प्रोक्टोडियमच्या पोकळीशी एकजीव असतो.

बर्साचं काम काय?

प्रतिपिंडे म्हणजे अँटिबॉडी तयार करणाऱ्या बी पेशी घडवणं, हे त्याचं मुख्य काम. मूळ पेशी बाहेरून येतात, फॉलिकलमध्ये शिरतात, भराभर विभागतात, आणि जी पेशी उपयोगी प्रतिपिंड बनवू शकते तिलाच बाहेर जाऊ दिलं जातं. निवड फार कडक आहे. बर्सात तयार झालेल्या पेशींपैकी अंदाजे ९५ टक्के तिथेच मरतात. उरलेल्या रक्तातून प्लीहा, सीकमच्या टॉन्सिल, डोळ्यामागची हार्डेरियन ग्रंथी, आतड्याची भिंत अशा ठिकाणी जाऊन वसतात.

दुसरं काम कमी महत्त्वाचं. बर्सा स्वतःही आतड्याशी जोडलेल्या प्रतिकार-ऊतींसारखा वागतो आणि नळीच्या तोंडाशी टी पेशींचा एक लहान पट्टा असतो. टी पेशी मात्र थायमसमध्ये घडतात. मानेच्या दोन्ही बाजूंना त्याचे साधारण सात-सात खंड माळेसारखे ओळीने असतात. कोंबडीला सस्तन प्राण्यांसारख्या लसिका गाठी नसतात, हेही लक्षात ठेवावं.

पिल्लू अंड्यात असतानाच बर्सा तयार होतो का?

हो, आणि बरंचसं काम तिथेच उरकतं. उबवणीच्या २१ दिवसांपैकी चौथ्या-पाचव्या दिवशी अवस्कराच्या भिंतीतून बर्साचा कोंब दिसू लागतो. साधारण आठव्या ते चौदाव्या दिवसांत पूर्वज पेशी त्यात येतात. एका फॉलिकलमध्ये दोन ते पाचच पेशी शिरतात आणि पुढे तिथल्या हजारो पेशी त्यांच्याच वंशातल्या असतात. पेशी येण्याची ही खिडकी त्यानंतर बंद होते. अठराव्या दिवसाच्या आसपास तयार बी पेशी बाहेर पडू लागतात आणि पिल्लू बाहेर आल्यावर हा वेग खूप वाढतो.

बर्सा उद्ध्वस्त झाला तर बाहेरून नवीन पूर्वज पेशींची कुमक येत नाही. म्हणूनच लहान वयातलं नुकसान भरून येत नाही, किंवा अर्धवटच येतं.

कोंबडीकडे जनुकं मोजकी, मग इतक्या वेगवेगळ्या जंतूंवर प्रतिपिंडे कशी तयार होतात?

माणसात आणि उंदरात अनेक व्ही, डी, जे जनुकखंडांची उलटसुलट जोडणी करून विविधता येते. कोंबडीत हा मार्ग जवळजवळ बंद आहे, कारण प्रतिपिंडाच्या हलक्या आणि जड दोन्ही साखळ्यांसाठी चालू स्थितीतला व्ही खंड एकेकच. पण त्याच्या शेजारी निकामी वाटणाऱ्या छद्मजनुकांची रांग असते. हलक्या साखळीसाठी सुमारे २५ आणि जड साखळीसाठी ८० च्या आसपास. बर्सात विभागताना पेशी या छद्मजनुकांतले तुकडे उचलून चालू जनुकात नकलून घेते. याला जनुक परिवर्तन म्हणतात. हे काम उबवणीच्या पंधराव्या-सतराव्या दिवसापासून सुरू होतं. बर्सा नसेल तर काही बी पेशी तयार होतीलही, पण त्यांचा संग्रह फार तुटपुंजा राहतो.

हे सगळं शोधलं कोणी?

इटलीतल्या पादुआ विद्यापीठातले शरीररचनातज्ज्ञ हायरोनिमस फॅब्रिशियस यांनी या पिशवीचं वर्णन केलं. ते १६१९ मध्ये वारले आणि अंडं व पिल्लाच्या घडणीवरचं त्यांचं लेखन १६२१ मध्ये प्रसिद्ध झालं. कोंबडीत नराचं वीर्य इथे साठत असावं असा त्यांचा समज होता. तो चुकीचा होता, पण पुढे तीनशेहून अधिक वर्षं कोणाकडे याहून चांगलं उत्तर नव्हतं.

खरं उत्तर अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात अपघाताने सापडलं. ब्रूस ग्लिक यांनी लहान वयात बर्सा काढून टाकलेल्या काही कोंबड्या वाढवल्या होत्या. टिमोथी चँग यांना विद्यार्थ्यांपुढे प्रतिपिंडांचं प्रात्यक्षिक करायचं होतं. त्यांनी त्यातल्या कोंबड्या नेऊन साल्मोनेलाचं प्रतिजन टोचलं, तर बर्सा नसलेल्या कोंबड्यांत प्रतिपिंडे तयारच होईनात. हे संशोधन १९५६ मध्ये पोल्ट्री सायन्स या नियतकालिकात आलं. कोंबडीपालनाच्या नियतकालिकात आल्यामुळे वैद्यकातल्या लोकांचं बरीच वर्षं तिकडे लक्ष गेलं नाही. १९६५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात मॅक्स कूपर, रेमंड पीटरसन आणि रॉबर्ट गुड यांनी किरणोत्सर्गाचा मारा केलेल्या पिल्लांत थायमस आणि बर्सा वेगवेगळे काढून दोन्हींची कामं स्वतंत्र असल्याचं दाखवलं. ‘बी पेशी’ मधला बी हा बर्साचाच.

माणसाला बर्सा नाही. मग आपल्या बी पेशी कुठे घडतात?

अस्थिमज्जेत. मेंढीत आतड्याच्या शेवटच्या भागातले पेयर पट्टे आणि सशात अपेंडिक्स बर्सासारखं काही काम करतात.

बर्सा किती मोठा होतो आणि केव्हा नाहीसा होतो?

एक दिवसाच्या पिल्लात तो मुगाच्या दाण्याएवढा असतो. पहिल्या तीन-चार आठवड्यांत शरीरापेक्षाही वेगाने वाढतो. लेयर (अंड्यांसाठी पाळलेल्या) जातीत ८ ते १० आठवड्यांच्या सुमारास सर्वांत मोठा, काही ग्रॅमचा, होतो. त्यानंतर आकसायला लागतो आणि पक्षी वयात येईपर्यंत, म्हणजे चार ते सहा महिन्यांत, दोऱ्यासारखा उरतो किंवा दिसेनासा होतो. लैंगिक हार्मोन वाढले की हे घडतं, त्यात रोग काही नाही. २५ आठवड्यांच्या अंड्यावरच्या कोंबडीत बर्सा सापडला नाही म्हणून घाबरू नये.

या गोष्टीचा उपयोग वन्यपक्ष्यांचा अभ्यास करणारेही करतात. बर्सा असेल तर पक्षी अल्पवयीन. म्हणून संग्रहालयातल्या नमुन्यांच्या चिठ्ठीवर बर्साची लांबी-रुंदी लिहिलेली असते.

पोस्टमार्टममध्ये बर्सा व्यवस्थित कसा काढायचा?

पक्षी उताणा ठेवा, मांड्यांच्या सांध्यात दाबून पाय पसरवा. छातीच्या हाडाखालून पोट उघडा. गिझार्ड (जाड स्नायूंचं जठर) आणि आतडी उचलून मोठं आतडं हातात घ्या आणि ते गुदद्वाराच्या दिशेने हलकेच खाली ओढा. त्याच्यामागे, पाठीच्या बाजूला चिकटलेली पिवळसर-पांढरी गाठ दिसेल. घाईने आतडी उपटून काढली तर बर्सा अर्धा फाटून आतच राहतो. नवशिक्यांचं इथेच चुकतं. नळी कापा, भोवतीची चरबी आणि पडदे सोलून टाका, मगच वजन करा. चरबीसकट वजन केलं तर आकडा फुगतो आणि आकसलेला बर्सा ठीक वाटतो.

वजनकाटा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा हवा. एका शेडमधून कमीत कमी पाच, जमल्यास दहा पक्षी घ्या. मेलेले किंवा मरगळलेलेच नको, चालते-फिरते पक्षीही घ्या. शेवटी बर्सा उभा चिरून घड्या पाहा.

वजनावरून काय समजतं?

आधी गुणोत्तर काढायचं: बर्साचं वजन भागिले पक्ष्याचं वजन, गुणिले १०००. दोन्ही वजनं ग्रॅममध्ये. उदाहरणार्थ, २८ दिवसांचा ब्रॉयलर १,४०० ग्रॅमचा आणि बर्सा २.८ ग्रॅमचा असेल तर गुणोत्तर २. ब्रॉयलरमध्ये एक ते सहा आठवड्यांच्या वयात हे साधारण १ ते ३ च्या दरम्यान असतं. १ च्या खाली सरासरी गेली की बर्सा आकसला असं समजून कारण शोधावं.

काटा नसेल तर प्लीहेशी तुलना करा. तीन ते सहा आठवड्यांच्या निरोगी पक्ष्यात बर्सा प्लीहेपेक्षा स्पष्ट मोठा असतो. भोकं असलेली प्लॅस्टिकची बर्सा मोजपट्टीही मिळते. ती सोयीची आहे, पण सुजलेला बर्सासुद्धा तिच्यात ‘मोठा’ म्हणून उत्तीर्ण होतो. म्हणून नुसत्या मापावर विसंबू नये, घड्या पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

गंबोरो झाल्यावर बर्सात दिवसागणिक काय बदल होतात?

गंबोरो म्हणजे संसर्गजन्य बर्सा रोग. अमेरिकेच्या डेलावेअर राज्यातल्या गंबोरो गावाजवळ तो प्रथम दिसला आणि १९६२ मध्ये कॉसग्रोव्ह यांनी त्याचं वर्णन केलं. भारतात तो १९७० च्या दशकापासून नोंदला गेला आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्याचं अतितीव्र रूप आलं. विषाणू बिर्नाव्हिरिडी कुळातला, दोन तुकड्यांच्या आरएनएचा आणि बाहेरचं स्निग्ध आवरण नसलेला. त्याला विभागणाऱ्या तरुण बी पेशी लागतात आणि त्या बर्सात खच्चून असतात.

लागणीनंतर दोन-तीन दिवसांत लक्षणं दिसतात. तिसऱ्या दिवशी बर्सा सुजतो आणि वर पिवळसर, जेलीसारखा थर येतो. चौथ्या दिवशी वजन जवळजवळ दुप्पट होतं. पाचव्या दिवशी ते पुन्हा मूळपदावर येतं, आणि याच दिवशी पोस्टमार्टम केलं तर ‘बर्सा नॉर्मल’ असा चुकीचा शेरा पडतो. आठव्या दिवसापर्यंत तो मूळच्या एक-तृतीयांश राहतो. अतितीव्र प्रकारात बर्सा आतून रक्ताळून जांभळ्या द्राक्षासारखा दिसतो. सोबत मांडी आणि छातीच्या स्नायूंत रक्ताचे चट्टे, प्रोव्हेंट्रिक्युलस (ग्रंथींचं जठर) आणि गिझार्डच्या सांध्यावर रक्तस्राव, आणि फिकट, सुजलेली मूत्रपिंडं दिसतात. काही बदललेल्या प्रकारांत मात्र सूज येतच नाही, बर्सा गुपचूप आकसतो.

तीन आठवड्यांच्या आत लागण झाली तर मर दिसत नाही, मग काळजी कशाची?

खरी काळजी तिथेच आहे. तीन ते सहा आठवड्यांत झालेला गंबोरो मर दाखवतो, म्हणून निदान तरी होतं. पहिल्या तीन आठवड्यांत झालेला दिसत नाही, पण बी पेशींचा कारखाना बंद पाडतो. पुढे मानमोडीची (राणीखेत) लस दिली तरी टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण) येत नाही. ई. कोलायचा वायुकोशदाह, कॉक्सिडिओसिस, इन्क्लुजन बॉडी हेपॅटायटिस, आणि ज्याला आपल्याकडे ‘लीची’ म्हणतात तो हृदयावरणात पाणी भरणारा अॅडिनो विषाणूचा रोग, हे सगळे अशा कळपात जोर धरतात. ‘लस कंपनी खराब’ असा दोष देण्याआधी पाच पक्ष्यांचे बर्सा उघडून पाहावेत. आमच्या मते मानमोडीची लस न लागण्याच्या तक्रारीत ही तपासणी सर्वांत आधी व्हायला हवी.

लस कोणत्या दिवशी द्यावी?

ठरलेला असा एकच दिवस नाही. आईकडून बलकातून आलेली प्रतिपिंडे पिल्लात असतात आणि ती लशीचा विषाणू मारतात. लवकर दिली तर लस वाया जाते, उशीर केला तर शेडमधला विषाणू आधी पोचतो.

एक दिवसाच्या किमान १८ ते २० पिल्लांचं रक्त एलायझासाठी (प्रतिपिंडे मोजणाऱ्या चाचणीसाठी) पाठवा. ब्रॉयलरमध्ये आईकडची प्रतिपिंडे साधारण दर ३ ते ३.५ दिवसांनी निम्मी होतात, लेयरमध्ये सुमारे ५.५ दिवसांनी. समजा टायटर ४,००० आहे आणि तुमची इंटरमीडिएट प्लस (सौम्य इंटरमीडिएटपेक्षा तीव्र) लस टायटर ५०० वर उतरल्यावर लागते. ४,००० वरून ५०० वर यायला तीनदा निम्मं व्हावं लागेल. ३ गुणिले ३ दिवस, म्हणजे ९. रक्त पहिल्याच दिवशी घेतलं असेल तर सुरुवातीच्या दिवसांसाठी ४ मिळवा. उत्तर १३ वा दिवस. सौम्य इंटरमीडिएट लशीसाठी टायटर १२५ पर्यंत उतरावं लागत असेल तर हाच हिशेब १९ व्या दिवसावर जातो. कोणत्या टायटरला कोणती लस लागते हे त्या लशीवर आणि एलायझा किटवर अवलंबून असतं, तेवढं उत्पादकाकडून विचारून घ्यावं.

पिल्लं दोन-तीन वेगवेगळ्या मातृकळपांतून आली असतील तर टायटर विखुरलेलं असतं. मग एकच मात्रा पुरत नाही, काही दिवसांच्या अंतराने दोनदा द्यावी लागते.

हॅचरीतच (अंडी उबवणी केंद्रातच) देता येणाऱ्या लशीही आहेत. प्रतिपिंडांशी बांधलेली इम्यून कॉम्प्लेक्स लस, किंवा टर्कीच्या हर्पिस विषाणूत गंबोरोचं व्हीपी२ प्रथिन बसवलेली वाहक लस. त्या अठराव्या दिवशी अंड्यात किंवा पहिल्या दिवशी टोचतात. टर्की हर्पिसवर बेतलेल्या दोन वेगळ्या वाहक लशी एकत्र देऊ नयेत, त्या एकमेकींना अडवतात.

पाण्यातून लस देताना कुठे चुकतं?

बहुतेकदा पाण्यातच. क्लोरीन किंवा ब्लीचिंग असलेलं पाणी लशीला मारतं, म्हणून दोन दिवस आधी पाणीशुद्धीकरण थांबवा. पाण्यात लिटरला २.५ ग्रॅम साय काढलेली दूध पावडर घाला, २० ते ३० मिनिटं थांबा, मगच लस मिसळा. पाण्याचा ढोबळ अंदाज असा: दर हजार पक्ष्यांना वयाच्या दिवसांइतके लिटर. १४ दिवसांच्या २,००० पक्ष्यांना २८ लिटर आणि ७० ग्रॅम पावडर. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पाणी वाढवावं लागतं, तर आदल्या दिवशी त्याच वेळी दोन तासांत किती पाणी गेलं ते मोजून ठेवा.

आधी तासभर पाणी तोडा, उन्हाळ्यात त्याहून कमी. लशीचं पाणी दीड ते दोन तासांत संपलं पाहिजे. अर्ध्या तासात संपलं तर मागचे दुबळे पक्षी कोरडे राहतात, चार तास उरलं तर लस मरते. निप्पल लाइनमध्ये (पक्ष्यांना पाणी देणाऱ्या नळीत) टोकापर्यंत दुधाळ पाणी आल्याची खात्री करा. निळा रंग मिसळला असेल तर किती जिभा निळ्या झाल्या ते मोजता येतं.

लशीमुळेही बर्सा लहान होतो का?

होतो. इंटरमीडिएट प्लस लशीचा विषाणू बर्सातच वाढतो आणि काही फॉलिकल रिकामे करतो. दोन-तीन आठवड्यांत त्यातले बरेचसे पुन्हा भरतात. म्हणून ३० व्या दिवशी लहान बर्सा दिसला, मर नाही आणि वजनवाढ चांगली आहे, तर तो लशीचा परिणाम असू शकतो. नक्की सांगायचं तर पीसीआर करून विषाणूचा प्रकार पाहावा लागतो.

गंबोरो सोडून बर्सा कशाने बिघडतो?

बुरशी लागलेल्या मक्यातलं अफ्लाटॉक्सिन, मरेक्स रोग, सततचा ताण आणि स्टिरॉइड यांनी तो आकसतो. लिम्फॉइड ल्युकोसिसमध्ये उलट घडतं. बी पेशींचा कर्करोग बर्सातच सुरू होतो आणि १४ आठवड्यांनंतर तिथे गाठी हाताला लागतात. मरेक्सच्या गाठी टी पेशींच्या असतात आणि त्यात बर्सा बहुधा आकसलेला किंवा सरसकट जाड झालेला दिसतो. दोन्ही रोगांत यकृत सारखंच दिसू शकतं, तेव्हा बर्सावरून फरक कळतो.

गंबोरोवर औषध आहे का? शेड कशी साफ करावी?

औषध नाही. प्रतिजैविकं विषाणूला काही करत नाहीत, आणि मूत्रपिंडं आधीच बिघडलेली असताना सल्फा किंवा जेंटामायसिन दिलं तर मर वाढते. भरपूर पाणी, इलेक्ट्रोलाइट, थोडी जास्त ऊब आणि कमी त्रास एवढंच करता येतं.

विषाणू रिकाम्या शेडमध्ये १२२ दिवस टिकल्याची नोंद आहे. क्वाटर्नरी अमोनियम आणि फिनाइल त्याच्यापुढे लंगडे पडतात. ग्लुटारल्डिहाइड, फॉर्मॅल्डिहाइड आणि आयोडिनयुक्त जंतुनाशकं चालतात, पण लिटर पूर्ण काढून, साबणाने घासून, वाळवल्यावरच. शेणाच्या थरावर कितीही महाग फवारा मारला तरी उपयोग शून्य. लिटरमधले काळे भुंगे विषाणू पुढच्या बॅचपर्यंत नेतात, म्हणून लिटर काढताच, शेड गरम असतानाच, भिंतींच्या कडांना कीटकनाशक मारावं.

प्रयोगशाळेला नमुना कसा पाठवायचा?

दोन भाग करा. एक अर्धा भाग १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, नमुन्याच्या दहापट द्रावणात. तो गोठवू नका. दुसरा अर्धा भाग पीसीआरसाठी स्वच्छ डबीत बर्फावर, फॉर्मॅलिनचा स्पर्श होऊ न देता. बरणीवर वय, लस कोणती आणि कोणत्या दिवशी, मर किती हे लिहा. लशीची तारीख नसेल तर अहवाल वाचूनही काही ठरवता येत नाही. महाराष्ट्रात पुण्यातल्या औंधची पशुसंवर्धन विभागाची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आणि परळ, नागपूर इथली पशुवैद्यकीय महाविद्यालयं ही विचारण्याची ठिकाणं. आधी फोन करून कोणती चाचणी चालू आहे ते विचारावं.

गावठी कोंबड्यांना हा धोका आहे का? आणि माणसाला?

गावठी, कडकनाथ, गिरिराज सगळ्यांना बर्सा आहे आणि गंबोरो होतो. उलट, अतितीव्र विषाणूने ब्रॉयलरपेक्षा अंडी देणाऱ्या हलक्या जाती जास्त मरतात. परसातल्या कोंबड्या काटक असतात हे मानून लस टाळू नये. माणसाला मात्र गंबोरो होत नाही. तरीही आजारी किंवा मेलेले पक्षी विकू वा खाऊ नयेत, कारण त्यांच्यात सोबतीला साल्मोनेला, ई. कोलाय असू शकतात. मेलेले पक्षी चुना टाकून खोल पुरावेत, उकिरड्यावर टाकले तर कुत्री आणि कावळे विषाणू शेजारच्या शेडपर्यंत पोचवतात.